कूर्चा भरून येत नाही

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरने सांगितलं म्हणून ही वही. उजवा गुडघा रोज किती दुखला ते दहापैकी आकड्यात लिहायचं. पस्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात पोरांना जीवशास्त्राचे मार्क दिले, आता गुडघ्याला देतो. आज चार.

डॉक्टर चाळिशीचा. भिंतीवर गुडघ्याचं मोठं चित्र, त्यात कूर्चा गुलाबी रंगवलेली. कूर्चा गुलाबी नसते, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. एक्स-रे वर धरून म्हणाला, झीज दुसऱ्या पायरीची आहे, बाहत्तराव्या वर्षी एवढी असायचीच, व्यायाम करा. आणि मग झीज म्हणजे काय, ते मला समजावून सांगू लागला. मी त्याला दोन वाक्यांनंतर थांबवलं आणि पुढचं मी सांगितलं.

निघताना त्याची नजर माझ्या बायकोकडे, शशिकलाकडे गेली. ती फाइल घेऊन खुर्चीतून उठत होती, टेबलावर दोन्ही हात टेकून. म्हणाला, काकूंचाही एक फोटो काढून घेऊया का. एक गिऱ्हाईक आत आलं की त्याच्याबरोबरचं दुसरंही पकडायचं, अशी ह्यांची रीत. मी म्हटलं, आम्ही एकाच गुडघ्यासाठी आलो आहोत. रिक्षापर्यंत पोचायला शशिकलाने इतका वेळ लावला की पेशंट कोण, असा रिक्षावाल्यालाच प्रश्न पडावा.

८ नोव्हेंबर, शनिवार

साडेतीन.

सकाळी पोहे खाताना शशिकला म्हणाली, तिचेही गुडघे दुखतात, डावा जास्त. तिचं हे नेहमीचंच. मला सर्दी झाली की हिला ताप. तरी मी चिडलो नाही, नीट समजावून सांगितलं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. एकेक पेशी आपापल्या खोलीत एकटी राहते, आणि चालताना सांधा दाबला-सुटला की स्पंजासारखा जो द्रव आतबाहेर होतो, त्यावर जगते. तेव्हा हालचाल हवी. तू बसून राहतेस म्हणून दुखतं. घरातल्या घरात चालत राहा, बरं वाटेल.

तिने ऐकून घेतलं आणि बशा उचलून आत गेली. विद्यार्थिनी म्हणून वाईट नाही. प्रश्न विचारत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार.

व्यायाम शिकवायला दीपा नावाची बाई येते. फिजिओथेरपिस्ट. तिशी ओलांडलेली, उरणकडच्या एका गावची, स्कूटरवरून येते. "टाच दाबा, सर. नाय, कंबर नाय उचलायची." तासभर हा 'नाय' ऐकायचा. पदवी मिळवली, 'ह' काही मिळवला नाही. मांडीच्या स्नायूचं नाव विचारलं तर बरोबर सांगितलं, एवढं कबूल करतो.

शशिकला चहा घेऊन आली तेव्हा दीपा माझ्या पायाऐवजी तिच्या पायांकडे बघत बसली. विचारलं, "काकू, तुमी जिना कसा उतरता?"

शशिकला हसून म्हणाली, उलटी. कठड्याला धरून.

हे मी पाहिलेलं आहे. मला वाटायचं, हातात पिशव्या असतात म्हणून. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सत्तावीस वर्षं कुणाचं अडलं नाही. आमच्या मुलीने, कादंबरीने, खारघरला चौदाव्या मजल्यावर घर घेतल्यापासून आमच्या जिन्यात खोट निघू लागली. दीपाने जाताना दाराशी उभं राहून शशिकलाला दहा मिनिटं काहीतरी व्यायाम दाखवले. माझ्या तासातून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष तुळशीराम भोपी वर आले होते. बंदरातली नोकरी संपल्यापासून माणूस नुसता अध्यक्ष आहे. त्यांनी एक पत्रक दाखवलं: 'गुडघ्यांना पुन्हा तारुण्य. मोफत तपासणी शिबिर.' खाली डॉक्टरचा फोटो, हाताची घडी, कोट. निनाद.

हा माझा विद्यार्थी. बारावीत बेडूक उघडला आणि हा चक्कर येऊन माझ्या टेबलावर पडला. आता खारघरला हाडांचा दवाखाना थाटून लोकांचंच रक्त काढतो, गाळतो आणि त्यांच्याच गुडघ्यात टोचतो. भोपी म्हणाले, "सर, आमाला काय कलत नाय, पन अर्धा संघ जाऊन आला. आमच्या वहिनीबी होत्या."

शशिकलाला विचारलं. म्हणाली, सगळ्या जात होत्या म्हणून गेले. तिथे काय सांगितलं ते मी विचारलं नाही. असल्या माणसाने काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे.

भोपींना म्हटलं, संघात माझं एक व्याख्यान ठेवा. विषय: वय झालेली कूर्चा. त्यांना विषय आवडला नाही. डिसेंबरच्या सभेला विनोदी कविता ठेवायचं त्यांच्या मनात होतं. तरी ठेवलं.

३० नोव्हेंबर, रविवार

नऊ दिवस वाचतोय. गुडघ्याचे आकडे लिहायचे राहून गेले. गेल्या काही वर्षांत ह्या विषयावर बरंच नवं काम झालंय आणि ते वाचताना मला चक्क मजा आली. पाठ्यपुस्तकात आम्ही शिकवत होतो की म्हातारपणी कूर्चापेशी मरतात. तितकं सोपं नाही. बऱ्याचशा मरत नाहीत. विभाजन थांबवतात, काम कमी करतात, आणि जागा अडवून बसतात. वाढीचे संदेश पोचतात, पण त्यांना पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. पाणी धरून ठेवणारे रेणू बनवतात ते तोकडे. शिवाय दाह पेटवणारी, अस्तर विरघळवणारी द्रव्यं बाहेर सोडत राहतात, त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशीही बिघडतात.

हे शशिकलाला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती, उंच स्टुलावर बसून. हल्ली ती उभी राहत नाही ओट्याशी. म्हणाली, "मग त्यांना कुणी काढून टाकत नाही?" मी म्हटलं, उंदरांत प्रयोग झालेत, माणसांत अजून जमलेलं नाही. तिला ह्यात हसण्यासारखं काय वाटलं कोण जाणे.

७ डिसेंबर, रविवार

व्याख्यान झालं. विरंगुळा केंद्रात साठ खुर्च्या, चाळीस भरलेल्या. त्यातल्या दहाजणांना ऐकू येत नाही आणि पाचजण बटाटेवड्यांसाठी आलेले. माइक कुरकुरत होता. शशिकला पहिल्या रांगेत कडेला, पाय लांब करून. आणि मागच्या रांगेत, हे मी अपेक्षिलं नव्हतं, निनाद. शिष्य म्हणून आलाय की हेर म्हणून, हे कळेना.

मी मटणवाल्याकडून बकऱ्याचा सांधा आणला होता. उघडून सगळ्यांत फिरवला. निळसर पांढरं, ओलं, आरशासारखं अस्तर. म्हटलं, हे वर्षाच्या बकऱ्याचं आहे. आपलं असं होतं विशीत. ह्यातलं मुख्य तंतुद्रव्य एकदा मोठेपणी पक्कं झालं की शरीर ते जवळजवळ बदलत नाही. म्हणजे तुम्ही सत्तर वर्षं त्याच गादीवर चालता आहात. तिच्यात साखरेचे रेणू अडकतात, ती पिवळी पडते, ताठरते, भेगाळते. दुरुस्त करायला रक्त तिथे पोचत नाही, आणि ज्या पेशींनी दुरुस्ती करायची त्या म्हाताऱ्या. जखम हाडापर्यंत खोल गेली तर भरते, पण निकृष्ट मालाने, ठिगळ लावल्यासारखी. तेव्हा तेल चोळा, लसूण बांधा, नाहीतर कुणाकडून स्वतःचंच रक्त टोचून घ्या, गेलेली कूर्चा परत येत नाही.

मग मी निनादला उभं केलं. विचारलं, डॉक्टर, तुमच्या इंजेक्शनांनी आजवर किती जणांची कूर्चा उगवली ते ह्या मंडळींना सांगा.

तो उठला. म्हणाला, "एकाचीही नाही, सर. थोड्यांचं दुखणं काही महिने कमी होतं, तेही झीज कमी असेल तर. पत्रकातलं वाक्य माझं नाही, पण त्यावर फोटो माझा आहे. ते मी बंद करतो." आणि बसला.

चाळीस माणसांसमोर कबुली. असा विजय मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

शेवटी प्रश्न. भोपींनी विचारलं, गुडघ्याला काकडीचा रस चालतो का. त्यानंतर शशिकलाने हात वर केला. बेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच. "म्हणजे आपोआप भरून येतच नाही? थांबलं, आराम केला, चाललं, तरी?"

मी माइकवरून म्हणालो, "नाही. कितीही थांबलात तरी नाही."

तिने मान हलवली. मला वाटतं, सगळ्या सभेत तिलाच खरं समजलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शशिकलाला काय झालंय कळत नाही. स्वयंपाकघरात सारखं काही भरून ठेवणं चाललंय. डब्यांवर चिठ्ठ्या: 'भाजणी', 'मेतकूट', 'आमटीचा मसाला, दोन चमचे'. दोन चमचे कुणासाठी लिहिलंय? तिला पाठ आहे. परवा मला गॅसचा बर्नर कसा पेटवायचा ते दाखवलं, जणू मी आदिमानव. कादंबरी आठवड्यात दोनदा गाडी घेऊन आली आणि आईला घेऊन गेली. साड्या घ्यायला म्हणे. साडी एकही दिसली नाही. कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला होता. शुगर तपासली, म्हणाली. साडीच्या दुकानात आता शुगरही तपासतात वाटतं.

मायलेकींच्या कुजबुजीत मला रस नाही. संघाने व्याख्यान छापायचं ठरवलंय. ते लिहितोय.

४ जानेवारी २०२६, रविवार

आज संध्याकाळी चहा झाल्यावर शशिकलाने सांगितलं की परवा तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सांधा बदलायचा. उद्या सकाळी दाखल व्हायचं. कादंबरी शेजारी बसली होती, हातात फाइल. ऑपरेशन निनाद करणार.

मी आधी हसलो. मग विचारलं, हा निर्णय कुणाचा. शशिकला म्हणाली, माझा. शिबिरात निनादने तिला सरळ सांगितलं होतं की काकू, तुम्हाला इंजेक्शन देणं म्हणजे फसवणं होईल, दोन्ही सांधे शेवटच्या पायरीला आहेत. तरीही ती थांबली होती. चालत राहिलं तर बरं वाटेल, असं मी म्हटलं होतं म्हणून.

"मग?" मी विचारलं.

"मग तुमचं व्याख्यान ऐकलं. तुम्हीच सांगितलंत ना, कितीही थांबलं तरी भरून येत नाही. मग मी कशाची वाट बघू?"

मी म्हटलं, ते शास्त्र होतं, सर्वसाधारण विधान होतं, तुझ्याबद्दल नव्हतं. कादंबरीने फाइल मिटली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही अजून एक व्याख्यान दिलं असतं."

मुलीला उच्चशिक्षण दिलं की ती असं बोलते. दोघीजणी बॅग भरायला आत गेल्या. बॅग आधीच भरलेली होती.

६ जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटल म्हणजे अव्यवस्थेचा नमुना. चौकशीच्या खिडकीत एक मुलगी मोबाइलवर भाज्यांचे फोटो बघत होती. आठला म्हणाले आणि सव्वानऊला आत नेलं. स्ट्रेचरवरून शशिकलाने मला सांगितलं की दूध तापवून ठेवा, नाहीतर नासेल. इतकंच.

अकराच्या सुमारास निनाद बाहेर आला. सगळं नीट झालं म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सर, बघायचंय?"

नातेवाइकांना दाखवण्याची पद्धत आहे, बहुतेक लोक तोंड फिरवतात. मी म्हटलं, दाखव. स्टीलच्या ट्रेमध्ये हाडाच्या चार-पाच चकत्या. मी आयुष्यात शेकडो सांधे उघडले, सगळे बकऱ्यांचे, कोवळे. हे हातमोजा घालून उचललं. कूर्चा शोधावी लागली. कडेला थोडीशी उरलेली, पिवळट, चिंध्या लोंबणारी. मध्ये अस्तर नव्हतंच. नुसतं हाड, आणि तेही दुसऱ्या हाडावर घासून घासून हस्तिदंतासारखं चकचकीत झालेलं, त्यात चालण्याच्या दिशेने चरे.

हाडाला अशी झिलई एका वर्षात चढत नाही. मी विचारलं, किती वर्षं?

"तुम्हीच सांगा, सर."

मी म्हटलं, पाच. सहाही असतील. तो हो म्हणाला. मी त्याला विचारलं, व्याख्यानाच्या दिवशी तुला हे माहीत होतं? म्हणाला, "हो. काकूंनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं." पेशंटची गोष्ट पेशंटची, हे त्याने मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

ट्रेवर कागद चिकटवलेला, त्यावर नाव 'शशीकला', दीर्घ. इतक्या शिकलेल्या लोकांना ऱ्हस्व-दीर्घ कळू नये. नर्सला सांगून मी ते खोडून पुन्हा लिहायला लावलं. ती म्हणाली, काका, हे आता टाकूनच द्यायचंय. म्हटलं, तरी.

कादंबरीने चहा आणून दिला. तो गार झाला.

१२ जानेवारी, सोमवार

शशिकला कादंबरीकडे खारघरला. इथला जिना सध्या नको म्हणे. मी इथेच. परक्या घरात मला झोप लागत नाही, असं कादंबरीला सांगितलं. तिने आग्रह केला नाही.

आमटी केली. मसाला दोन चमचे. चिठ्ठीवर चमचा कोणता ते लिहिलेलं नाही. चिठ्ठी लिहायची तर पूर्ण लिहावी. खाल्ली.

दूध, भाजी, पेपर, औषधं, ह्यांच्यासाठी आज तीनदा खाली गेलो. चौथ्यांदा कोथिंबीर राहिली म्हणून. गुडघा: सहा. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा हातभर भागात गुळगुळीत झालाय. रंग पार गेलाय तिथला. सोसायटीच्या सेक्रेटरीला रंग लावायला सांगितलं पाहिजे. हे लोक एक काम धड करत नाहीत.

मग तिथेच थोडा वेळ उभा राहिलो, त्या जागी हात ठेवून. दमलो होतो.

२५ जानेवारी, रविवार

खारघरला गेलो. टॉवरमध्ये शिरायचं तर खाली वहीत नाव, वेळ आणि 'कुणाकडे' हे लिहावं लागतं. मी 'पत्नीकडे' लिहिलं. रखवालदाराने फ्लॅट नंबर विचारला. मला आठवेना.

शशिकला वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. चेहरा उतरलाय, पण पाय सरळ पडतोय. तिचा पाय वाकडा पडायचा, हे तो सरळ पडलेला बघितल्यावर कळलं. मी तिला सांगितलं की पाऊल टाकताना टाच आधी टेकव. ती म्हणाली, दीपा बघते ते.

कादंबरी खाली गेल्यावर मी विचारलं. सरळच विचारलं, कारण हे मला तीन आठवडे छळतंय. सहा वर्षं दुखत होतं तर मला सांगितलं का नाहीस?

तिने वॉकर खुर्चीशी आणला, सावकाश बसली. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "किती वेळा. मी म्हणायचे दुखतंय, आणि तुम्ही का दुखतं ते समजावून सांगायचात."

मग तिने विचारलं, दूध कुठून घेता. मी सांगितलं. तिने सांगितलं की तो पाणी घालतो, पुढच्याकडून घ्या.

कधी येणार विचारलं. म्हणाली, गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला की बघू. आणि उन्हाळ्यानंतर दुसरा करायचाय. त्या जिन्याला ती परत येईल असं काही ती म्हणाली नाही. येणार नाही असंही नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा खारघर. दीपाची वेळ साडेदहाची. शशिकला पलंगावर आडवी, पायाखाली गुळगुळीत फळी, टाच फळीवरून मागे सरकवायची म्हणजे गुडघा वाकतो. तिला घाम फुटला होता. मी दारातून म्हटलं की शिवणीत नवे तंतू बनतात ते ताठ असतात, म्हणून ह्या दिवसांत दुखतं, ते स्वाभाविक आहे.

दीपाने वळून बघितलं. मला वाटलं, बाहेर जायला सांगेल. ती म्हणाली, "सर, इकडं या. हात द्या." माझा तळवा शशिकलाच्या टाचेखाली ठेवला. "तुमी फक्त धरा. ढकलायचं नाय, ओढायचं नाय. काकू नेतील तिकडं जायचं. आन् बोलायचं नाय."

मी धरलं. टाच भेगाळलेली, कोरडी, माझ्या अंदाजापेक्षा जड. पाय इतका जड असतो, हे मला माहीत नव्हतं. शशिकलाने डोळे मिटले आणि पाय मागे घेतला. सत्तरला थांबली, श्वास घेतला. पंचाहत्तर. तिच्या मांडीतला थरथराट माझ्या मनगटापर्यंत येत होता. ब्याऐंशीला तिने माझ्या दंडाला धरलं, नखं रुतली. ती ओरडली नाही. मी बोललो नाही.

"उद्या नव्वद," दीपा म्हणाली. मग माझ्याकडे बघून: "साडेदहा म्हणजे साडेदहा, सर. उशीर मला नाय चालत."

पोरीला फार शिंगं फुटली आहेत. मी दहालाच जाऊन बसणार.